टी ट्री (ऑस्ट्रेलिया): कुठलं झाड निवडायचं, कसं वाढवायचं, पानं आणि तेल कसं वापरायचं

निर्गुडी (सिडनी)

टी ट्रीबद्दल इथे वेगवेगळ्या धाग्यांवर तुकड्या-तुकड्यांत बरंच लिहून झालंय. सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा.

सुरुवात झाड ओळखण्यापासून करू. नर्सरीत 'टी ट्री' म्हणून जे विकतात ते एक झाड नसतं. घरच्या बागेसाठी त्यातली दोन महत्त्वाची.

पहिलं मेलाल्युका अल्टर्निफोलिया. औषधी तेल यातूनच निघतं. न्यू साउथ वेल्सचा उत्तर किनारा आणि त्याला लागून असलेलं दक्षिण क्वीन्सलँड हे त्याचं घर. क्लॅरेन्स आणि रिचमंड नद्यांच्या खोऱ्यांतल्या पाणथळ, सखल जमिनीत ते आपसूक वाढतं. हा बंजलंग लोकांचा मुलूख. सर्दी-खोकल्यात याची पानं चुरगळून हुंगणं आणि जखमेवर पानांचा लेप लावणं ही त्यांची जुनी पद्धत आहे.

दुसरं लेप्टोस्पर्मम पीटरसोनाय, म्हणजेच लेमन टी ट्री. चहात घालायचं ते हे.

दोन्हींची पानं बारीक, दोन्हींची फुलं पांढरी, त्यामुळे लांबून फरक कळत नाही. जवळ जाऊन फूल बघा. लेप्टोस्पर्ममच्या फुलाला पाच सुट्या गोल पाकळ्या असतात आणि मधे हिरवट वाटी दिसते. मेलाल्युकाच्या पाकळ्या नावालाच, नजरेत भरतात ते पुंकेसर, आणि सगळा तुरा बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसतो. फुलं नसतील तर खोड बघा. अल्टर्निफोलियाची साल कागदासारखी पापुद्र्यापापुद्र्याने सुटते. शेवटी पान चुरगळून वास घ्या. लेमन टी ट्रीला लख्ख लिंबाचा वास येतो, अल्टर्निफोलियाला दवाखान्यासारखा उग्र.

ही ओळख पक्की झाल्याशिवाय पान उकळत्या पाण्यात टाकू नका. अल्टर्निफोलिया पिण्यासाठी नाही.

मातीकाम

उपयुक्त धागा. सिडनीच्या पश्चिमेकडे जमीन चिकणमातीची आहे, पावसानंतर दोन-दोन दिवस पाणी हटत नाही. तिथे दोन्ही झाडं चालतील का? खड्डा किती मोठा घ्यायचा, खत काय घालायचं?

पाणथळ (लिस्मोर)

अल्टर्निफोलियाला तुमची जमीन आवडेल. ते मुळातच दलदलीतलं झाड, पाणी साचलं तरी तग धरतं. लेमन टी ट्री मात्र पाय ओले ठेवत नाही. पाण्यात राहिलं की मुळं कुजतात, आणि हे कळतं फार उशिरा: फांद्या एकेक करून तपकिरी होतात, तेव्हा मुळं आधीच गेलेली असतात. चिकणमातीत लेमन लावायचं असेल तर ३० सेंमी उंचीचा वरंबा करून त्यावर लावा.

खड्डा कुंडीइतकाच खोल आणि रुंदीला दुप्पट. चिकणमातीत खोल खड्डा खणून त्यात भुसभुशीत कंपोस्ट भरलं की त्या खड्ड्याचा हौद होतो, सगळीकडचं पाणी तिथे जमतं. त्याऐवजी जी माती निघाली तीच परत भरा. खड्ड्याच्या बाजू फावड्याने गुळगुळीत झाल्या असतील तर काट्याने खरवडून घ्या, नाहीतर मुळं तिथेच गोल फिरत राहतात.

जिप्सम (चिकणमाती मोकळी करणारी खनिज पूड) घालण्याआधी एक साधी परीक्षा करा. मातीचं वाळलेलं ढेकूळ पावसाच्या पाण्याने भरलेल्या काचेच्या ग्लासात अलगद सोडा आणि दिवसभर हलवू नका. ढेकळाभोवती दुधी ढग पसरला तर जिप्समचा उपयोग होईल, चौरस मीटरला साधारण १ किलो. ढेकूळ नुसतं सुटलं आणि पाणी निवळच राहिलं तर पैसे वाया घालवू नका.

खत म्हणून देशी झाडांसाठी मिळणारं कमी फॉस्फरसचं, हळूहळू सुटणारं खत वसंताच्या सुरुवातीला (इथे सप्टेंबरात) एकदा द्यावं. टी ट्री हे ग्रेविलिया-बँक्सिया या देशी झाडांइतकं फॉस्फरसला नाजूक नाही, पण कोंबडीखताचा मारा केला तर वाढ लुसलुशीत होते आणि कीड त्याच कोवळ्या पानांवर धावते.

रोप ट्यूबस्टॉकचंच, म्हणजे लहान अरुंद कुंडीतलंच घ्या. मोठ्या कुंडीतल्या रोपाच्या मुळांनी आत वेटोळी घातलेली असतात, ट्यूबमधलं रोप दोन वर्षांत त्याला गाठतं. सिडनी आणि उत्तरेला मार्च ते मे हा लावायचा उत्तम काळ. जिथे दहिवर (गोठलेलं दव) जोरात पडतं तिथे सप्टेंबरनंतर. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा ८-१० लिटर पाणी, रोज शिंतोडे नकोत. भोवती ५ ते ७ सेंमी लाकडी मल्च (भुग्याचं आच्छादन), खोडापासून चार बोटं लांब.

जागा निवडताना अजून दोन गोष्टी. मेलाल्युकाची मुळं ओलीच्या मागे जातात, त्यामुळे जुन्या मातीच्या ड्रेनेज पाइपांपासून चांगलं अंतर ठेवा. आणि ही पानं तेलाने भरलेली असतात, बुशफायरच्या पट्ट्यात घर असेल तर भिंतीला किंवा खिडकीला लागून यातलं काहीही लावू नका.

कुंपणवाली

मेलबर्नच्या समुद्रकिनाऱ्याला जिकडेतिकडे टी ट्री दिसतं, वाकड्यातिकड्या खोडांचं. ते यातलं कुठलं? कुंपणाला लावायचा विचार आहे.

निर्गुडी

ते तिसरंच, कोस्ट टी ट्री. लेप्टोस्पर्मम लेव्हिगेटम म्हणत, आता वनस्पतिशास्त्रज्ञांनी गॉडियम लेव्हिगेटम असं नाव दिलंय. खारा वारा आणि वाळू त्याच्याइतकं कुणी सोसत नाही. किनाऱ्याला लागूनच घर असेल तर जरूर लावा. मात्र मूळ पट्ट्याबाहेर ते तण होतं. पश्चिम ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण आफ्रिकेत ते माजलेलं आहे, व्हिक्टोरियातही किनारा सोडून आत शिरतं. रानालगत राहत असाल तर नको. काउन्सिलच्या देशी रोपवाटिकेत तुमच्या भागातली झाडं कुठली हे विचारलं की बरोबर सांगतात.

तिखटमीठ

कुंपणाला लावलेल्या लेमन टी ट्रीचा खालचा भाग उघडा पडलाय, पानं फक्त वरच्या शेंड्यांना उरलीत. लिलीपिलीसारखं गुडघ्याएवढं कापून टाकलं तर खालून फुटेल का?

निर्गुडी

नका कापू, बहुधा झाड जाईल. दोन टी ट्रींमधला सगळ्यात मोठा फरक हाच, आणि लोक चुकतात तेही इथेच.

अल्टर्निफोलिया बुंध्यातून जोमाने फुटतं. व्यापारी मळ्यांची पद्धतच त्यावर उभी आहे: हेक्टरी ३०,००० च्या आसपास रोपं दाटीने लावायची, जमिनीच्या थोडंसं वर सगळं कापून न्यायचं आणि साधारण वर्षा-सव्वा वर्षाने तेच खोडवं पुन्हा कापायचं. घरीही वसंताच्या तोंडावर १५-२० सेंमीचा खुंट ठेवून कापा, भरपूर धुमारे येतात. फक्त दुष्काळात किंवा कडाक्याच्या थंडीच्या आधी कापू नका, खुंटात फुटायची ताकद राहत नाही.

लेमन टी ट्रीच्या जुन्या, बिनपानांच्या लाकडावर कोंब येतील याचा भरवसा नसतो. कात्री जिथे लागेल त्याच्या खाली हिरवी पानं शिल्लक राहिलीच पाहिजेत. फुलं ओसरली की, म्हणजे उन्हाळ्याच्या शेवटाकडे, शेंड्यांचा एक तृतीयांश भाग छाटा, त्याहून जास्त नाही. ही छाटणी पहिल्या वर्षापासून व्हायला हवी, रोप ४०-५० सेंमीचं असतानाच शेंडा खुडायचा. कुंपण तळापासून भरलेलं हवं असेल तर वरचा भाग खालच्यापेक्षा अरुंद ठेवा, म्हणजे खालच्या फांद्यांना ऊन मिळतं. तुमच्या झाडाचा उघडा पडलेला भाग आता भरून यायचा नाही. खाली वेस्ट्रिंजियासारखं बुटकं झुडूप लावून झाका, किंवा खोडं मोकळी सोडून छोट्या झाडासारखा आकार द्या. तेही छान दिसतं.

बीजपेटी (ब्रिस्बेन)

रोपं घरी करण्याबद्दल लिहिते.

अल्टर्निफोलियाची फळं म्हणजे फांदीला चिकटलेल्या लाकडी वाट्या, दोन-तीन मिलिमीटरच्या. झाडावर असेपर्यंत त्या बंद राहतात. वर्षभर जुनी, करडी झालेली फळं असलेली काडी कापून कागदी पिशवीत घालून उबदार जागी ठेवा. काही दिवसांत वाट्या उघडतात आणि तपकिरी भुसा खाली पडतो. बी त्यातच असतं, इतकं बारीक की भुशापासून वेगळं करायच्या फंदात पडू नये.

पेरायची सोपी रीत 'बॉग मेथड'. १० सेंमीची कुंडी चाळलेल्या मिश्रणाने भरायची आणि २-३ सेंमी पाणी असलेल्या ट्रेमध्ये उभी करायची. पाणी खालून वर चढून पृष्ठभाग ओला झाला की बी वर भुरभुरायचं, मातीने झाकायचं नाही. याला उजेड हवा. वरून पाणी घालायचं नाही, एका धारेत सगळं बी कोपऱ्यात वाहून जातं. ऊब असेल तर दोन-तीन आठवड्यांत हिरवी लव दिसते. पानांच्या दोन-तीन जोड्या आल्या की कुंडी ट्रेमधून काढा. त्याहून उशीर केला तर वर शेवाळ धरतं आणि रोपं त्याखाली गुदमरतात. रोप उचलताना पानाला धरा, देठाला नाही.

मात्र तेलासाठी लावत असाल तर कुठल्याही झाडाचं बी घेऊ नका. अल्टर्निफोलिया दिसायला एकसारखं असलं तरी तेलाचे सहा रासायनिक प्रकार सापडतात. एकात टर्पिनेन-४-ऑल जास्त, एकात टर्पिनोलीन, आणि चार प्रकारांत सिनिओल पुढे असतं, जे निलगिरी तेलात असतं. औषधी तेल म्हणतात ते पहिल्या प्रकाराचं. चांगल्या झाडाची फांदी लावली तर तोच प्रकार नक्की मिळतो. उन्हाळ्याच्या शेवटी अर्धवट पिकलेली, ७ ते १० सेंमीची काडी घ्या. वाकवली तर लवचीक, पण टोकाशी कोवळी नको. खालची दोन तृतीयांश पानं काढा, बुडाला रूटिंग हार्मोन लावा, तीन भाग परलाइट आणि एक भाग कोकोपीटमध्ये खोचा आणि वर पारदर्शक झाकण ठेवा. लेमन टी ट्रीच्या काड्याही अशाच लागतात.

मातीकाम

कोवळ्या शेंड्यांवर पिवळी पावडर दिसते, हळदीसारखी. बुरशी आहे का?

पाणथळ

मर्टल रस्ट. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही बुरशी ऑस्ट्रेलियात पहिल्यांदा एप्रिल २०१० मध्ये न्यू साउथ वेल्सच्या सेंट्रल कोस्टवर सापडली आणि मर्टल (निलगिरी-जांभळाच्या) कुळातल्या शेकडो जातींवर पसरली. ती फक्त नव्या वाढीवर बसते: आधी जांभळट ठिपके, मग पिवळीजर्द पूड, मग पान वाकडं होऊन गळतं. पिकलेली जून पानं सहसा वाचतात.

पिवळ्या पुडीला हात लावू नका, ते बीजाणू कपड्यांवरून शेजारच्या झाडांवर जातात. वारा पडलेला असताना, पानं ओली असताना तो शेंडा पिशवीने झाकूनच कापा. पिशवीचं तोंड बांधून लाल झाकणाच्या (सामान्य) कचऱ्याच्या डब्यात टाका, कंपोस्टमध्ये नाही. कात्री मेथिलेटेड स्पिरिटने पुसा, कपडे धुवायला टाका. कॉपर ऑक्सिक्लोराइड लेबलवरच्या प्रमाणात फवारता येतं, पण ते लागण होण्याआधी उपयोगी, आतल्या बुरशीला मारत नाही. ज्या पानांचा चहा करायचा त्यांच्यावर फवारू नका. दमट हवेत छाटणी केली की एकाच वेळी खूप कोवळे कोंब येतात आणि रस्टला मेजवानी मिळते, म्हणून छाटणीचा मुहूर्त कोरड्या आठवड्यांत काढा.

आता किडी. लेमन टी ट्रीवर जाळीदार गुंडाळे दिसतात, आत विष्ठा आणि वाळकी पानं. त्या जाळी करणाऱ्या अळ्या. गुंडाळा कापून काढा, अळ्या लहान असतील तर बीटी (अळ्या मारणारा जिवाणू) फवारा चालतो. मेलाल्युकावर एकत्र झुंडीने बसलेल्या, शेपटी वर उडवणाऱ्या 'अळ्या' वेगळ्या, त्या सॉफ्लायच्या. सॉफ्लाय ही गांधीलमाशीच्या गोतावळ्यातली, फुलपाखराच्या नाही, म्हणून बीटी त्यांच्यावर चालत नाही. फांदी साबणाच्या पाण्याच्या बादलीत झटका, काम होतं. पानांवर काजळी धरली असेल तर वर मुंग्यांची रांग शोधा, ती थेट खवले किडीपर्यंत नेते. व्हाइट ऑइल (किडीवर फवारायचं बागेतलं तेल) फवारा, पण ३० अंशांवर ऊन असताना नाही, पानं भाजतात. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, असं दिसलं तर कीड नाही, जमीन अल्कधर्मी आहे. आयर्न चिलेट (झाडाला शोषता येणारं लोह) द्या.

गवतीचहा

लेमन टी ट्रीच्या चहाचं प्रमाण कुणी सांगेल का? दुधाच्या चहात चालतो का?

निर्गुडी

चालतो. आपल्या गवती चहातला सिट्रल हाच यातलाही मुख्य वास, जोडीला सिट्रोनेलाल. वास लिंबाचा असला तरी आंबटपणा नसतो, म्हणून दूध फाटत नाही.

२५० मिली पाण्याला बोटभर लांबीची एक ताजी काडी पुरे. पानं तळहातावर चोळून कपात टाका, उकळी येऊन थोडं निवलेलं पाणी ओता आणि लगेच झाकण ठेवा. झाकण विसरलात तर वास हवेत जातो. तीन-चार मिनिटांनी गाळा. जास्त वेळ ठेवलं किंवा पानं उकळली की तुरट आणि किंचित औषधी चव येते. दुधाच्या चहात गॅस बंद केल्यावरच टाका.

वाळवायचं असेल तर सकाळी दव उडाल्यावर, फुलं यायच्या आधी काड्या कापा. जुड्या बांधून सावलीत उलट्या टांगा, आठवडाभरात पानं कुरकुरीत होतात. मग ओरबाडून पानं अख्खीच बरणीत भरा, चुरा केला की तेल उडतं. अत्तरी वनस्पती आहे, दिवसाला एक-दोन कप ठीक. गरोदरपणात डॉक्टरांना विचारून.

कुंपणवाली

आणि तेल? मुरुमांवर, नखांच्या बुरशीवर थेट बाटलीतून थेंब लावतात बरेच जण.

अर्क (गोल्ड कोस्ट)

थेट लावू नये, कुंपणवाली ताई. पातळ केलेल्या तेलाचा पुरावा चांगला आहे. १९२० च्या दशकात सिडनीच्या टेक्नॉलॉजिकल म्युझियममधले रसायनशास्त्रज्ञ आर्थर पेनफोल्ड यांनी या तेलाची जंतुनाशक ताकद पहिल्यांदा मोजून दाखवली. १९९० मध्ये मेडिकल जर्नल ऑफ ऑस्ट्रेलियात छापलेल्या चाचणीत ५ टक्के टी ट्री जेल मुरुमांवर ५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडच्या तोडीचं ठरलं. गुण हळू आला, पण त्रास कमी झाला. तिथलाही आकडा ५ टक्केच आहे.

३० मिली जोजोबा किंवा द्राक्षबी तेलात १.५ मिली टी ट्री तेल म्हणजे जवळपास ५ टक्के. थेंब मोजू नका, प्रत्येक बाटलीचा थेंब वेगळा. १ मिलीची सिरिंज वापरा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा. पाण्यात हे तेल मिसळत नाही, वर तरंगतं. आंघोळीच्या पाण्यात थेंब टाकले की तेच शुद्ध तेल कातडीला चिकटतं आणि आग होते.

ॲलर्जीचं खरं कारण बहुतेक वेळा जुनं तेल असतं. हवा आणि उजेड लागला की त्यात पेरॉक्साइड, ॲस्करिडोल तयार होतात आणि पॅरा-सायमीन वाढतं. वासात टर्पेंटाइनची झाक आली की टाकून द्या. गडद काचेच्या लहान बाटलीत, काठोकाठ भरून, थंड जागी ठेवा आणि उघडल्यावर वर्षभरात संपवा.

आणि पोटात अजिबात नाही. ऑस्ट्रेलियाच्या पॉइझन्स स्टँडर्डमध्ये (विषारी पदार्थांच्या सरकारी यादीत) हे तेल शेड्यूल ६ मध्ये, म्हणजे 'विष' या वर्गात आहे. लहान मुलाने घोटभर प्यायलं तरी गुंगी येते, तोल जातो. असं झालं तर उलटी करवू नका, लगेच पॉइझन्स इन्फर्मेशन सेंटरला १३ ११ २६ वर फोन करा. मूल शुद्धीवर नसेल किंवा त्याला श्वास लागत असेल तर आधी ००० या आपत्कालीन क्रमांकावर. मांजर-कुत्र्याच्या अंगावर पिसवांसाठीही लावू नका, ते चाटून पोटात जातं.

बीजपेटी

घरी तेल काढायचं तर?

अर्क

काढता येतं, अपेक्षा बेताची ठेवा. ताज्या पाल्याच्या वजनाच्या १ ते २ टक्के तेल असतं. ५ लिटरच्या भांड्यात तळाला दीड लिटर पाणी, वर जाळी, जाळीवर सैलसर ५०० ग्रॅम पाला. त्यातून उत्तम पडलं तर ५ ते १० मिली, घरच्या साधनावर बहुधा कमीच. तेल पानांत असतं, जाड काड्या नुसती जागा अडवतात. पाला पाण्याला लागला तर करपट वास शेवटपर्यंत जात नाही. कंडेन्सरमधून (वाफ थंड करणाऱ्या नळीतून) येणारं पाणी हाताला कोमट लागलं तरी तेल उडतंय असं समजा, थंड पाण्याचा ओघ वाढवा. वाफेची वाट कधीही बंद करू नका. नळ्या काच, तांबं किंवा स्टीलच्या हव्यात, रबर या तेलाने फुगतं. दीड-दोन तास चालवा. अरुंद काचेच्या नळीत तेल वर येतं, ड्रॉपरने उचला. खालचं सुगंधी पाणी फ्रीजमध्ये ठेवा आणि लवकर वापरा, त्यात परिरक्षक नसतो.

कोवळ्या पाल्याबद्दल एक बारकावा. नव्या पानांत टर्पिनेन-४-ऑल कमी आणि सॅबिनीन हायड्रेट जास्त असतं, त्याचं टर्पिनेन-४-ऑलमध्ये रूपांतर पान पिकताना आणि ऊर्ध्वपातनाच्या उष्णतेतही होतं. नुसत्या कोवळ्या शेंड्यांपेक्षा पिकलेली पानं घेतली की तेल एकसारखं येतं.

आयएसओ ४७३० या मानकानुसार टर्पिनेन-४-ऑल किमान ३५ टक्के आणि सिनिओल जास्तीत जास्त १० टक्के हवं. नाकाने हे आकडे कळत नाहीत, प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफी करावी लागते. ती केली नसेल तर घरचं तेल फरशी पुसायला, डस्टबिनच्या वासाला वापरा, कातडीवर नको.

कायद्याचंही लक्षात ठेवा. ५ लिटरपेक्षा मोठं स्टिल (ऊर्ध्वपातनाचं भांडं) ठेवायला टॅक्स ऑफिसची परवानगी लागते, दारू काढायची नसली तरी. आणि 'मुरुमं बरी होतात' असं लिहून तेल विकायचं झालं तर टीजीएचे (औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचे) नियम लागू होतात.

तिखटमीठ

नॅशनल पार्कातून बी आणलं तर चालेल का? आणि पर्थला बहिणीकडे रोप पाठवायचंय.

पाणथळ

पार्कातून काडीही तोडायची नाही, बेकायदा आहे. बी देशी झाडांच्या बियाणे विक्रेत्याकडून घ्या, तेलासाठी हवं असेल तर टर्पिनेन-४-ऑल प्रकाराचं आहे का हे विचारून. पर्थला रोप पोस्टाने पाठवू नका. मर्टल रस्टमुळे पश्चिम आणि दक्षिण ऑस्ट्रेलियात या कुळातली रोपं, काड्या आणि ताजा पाला नेण्यावर निर्बंध आहेत. बहिणीला तिथल्याच नर्सरीतून घ्यायला सांगा. लावताना पर्थच्या किनाऱ्याची चुनखडीची वाळू असेल तर जमिनीत न लावता ४० सेंमीच्या कुंडीत देशी झाडांचं पॉटिंग मिक्स भरून लावलेलं बरं. अल्टर्निफोलिया असेल तर उन्हाळ्यात कुंडीखाली पाण्याची बशी ठेवायची, लेमन असेल तर नाही.